नर्सिंग झालं, पुढं काय? अंबाजोगाईत केलेलं एक बोलणं

(अंबाजोगाईत बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसमोर मी बोलले, त्या एपिसोडचं हे शब्दांकन. बोलताना तीनदा आलेली वाक्यं एकदाच ठेवली आहेत. बाकी जसं बोलले तसंच.)

मागं आवाज येतोय ना? तो कोपऱ्यातला फॅन जरा बंद करा कुणीतरी, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये माझ्याऐवजी फॅनच ऐकू येईल. हां, आता बरं.

मला बोलावताना विषय दिला होता, 'नर्सिंगमधील करिअरच्या संधी'. खरं सांगू का, संधींची यादी तुमच्या फोनमध्ये माझ्यापेक्षा जास्त आहे. त्यामुळं आधी मीच विचारते. हात वर करा. नॉरसेटची तयारी कोण करतंय? बाप रे, अर्धा वर्ग. बरोबरच आहे. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर लागलं की मूळ पगारच ४४,९००, कोण नको म्हणेल? जर्मनी किंवा इंग्लंड? दहा-बारा. एम.एस्सी. करून ट्यूटर? सात-आठ. आता शेवटचं. पेशंटजवळच राहायचंय, पण आज सिस्टरला जेवढं करता येतं त्यापेक्षा जास्त करायला शिकायचंय. तपासायचंय, ठरवायचंय, उपचाराची जबाबदारी घ्यायची आहे. असं कुणाला वाटतं?

तीन. नाही, तिकडं खिडकीजवळ एक. चार.

मग आजचं बोलणं या चौघींसाठी. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही.

आपल्याकडची शिडी कशी आहे बघा. अधिपरिचारिका म्हणून लागायचं. पंधरा-वीस वर्षांनी परिसेविका, म्हणजे इन्चार्ज सिस्टर. नशीब आणि सेवाज्येष्ठता दोन्ही असेल तर अधिसेविका. किंवा दुसऱ्या बाजूनं पाठ्यनिर्देशिका, मग प्राध्यापक. प्रत्येक पायरीवर पगार वाढतो, मान वाढतो आणि पेशंट लांब जातो. ज्या बाईला कुठल्याही तान्ह्या बाळाची शीर अंधारात सापडायची, ती शेवटी चादरी मोजत आणि ड्युटीचे तक्ते लावत बसते. ती कामं हलकी नाहीत, कुणीतरी करायलाच पाहिजेत. पण पेशंटच्या कॉटजवळ जी सगळ्यात हुशार आहे तिला कॉटजवळच राहून मोठं होता येत नाही, हा या शिडीतला दोष आहे.

ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस म्हणतात ते याच्या उलट. अनुभव आणि शिक्षण वाढेल तसा पेशंटच्या बाबतीतला तुमचा अधिकार वाढायचा. याची सुरुवात कुठल्या मोठ्या शहरातल्या आयसीयूत झाली नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात लॉरेटा फोर्ड नावाच्या बाई खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या पब्लिक हेल्थ नर्स होत्या. म्हणजे आपल्या आरोग्यसेविकेसारखंच समजा. गावांत डॉक्टर नाही, पोरांना बघायला कुणी नाही. १९६५ मध्ये त्यांनी हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन कोलोरॅडो विद्यापीठात पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हा असं पद तिथंही नव्हतं. डॉक्टर चिडले, आणि गंमत म्हणजे नर्सिंगमधलेही बरेच लोक चिडले. आज तिथल्या निम्म्याहून जास्त राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय पेशंट तपासून औषध लिहू शकते. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत वारल्या, १०४ वर्षांच्या होऊन.

आपल्याकडं इंडियन नर्सिंग कौन्सिलनं २०१५ मध्ये एनपीसीसी आणलं, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. बी.एस्सी. नंतर किमान वर्षभराचा अनुभव, मग दोन वर्षांची रेसिडेन्सी. पुस्तक कमी, वॉर्ड जास्त. मग २०१८ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं मिडवायफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातून एनपीएम आलं, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी, अठरा महिन्यांचं. जोखीम नसलेलं बाळंतपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिडवाइफनंच बघायचं, ही त्यातली कल्पना. शेजारच्या तेलंगणानं त्याआधीच, २०१७ मध्ये, सरकारी नर्सेसना असं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली होती.

मी एनपीसीसी केलंय. का केलं ते सांगते. ही गोष्ट सांगायला मला बरं वाटत नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. कुठला दवाखाना ते सोडून द्या. नाइट ड्युटी, वॉर्डात चोवीस पेशंट, आम्ही दोघी. अकरा नंबरच्या कॉटवर एक बाई. वय बावीस, सिझर होऊन तिसरा दिवस. कारखान्यावरून येऊन महिना झाला नव्हता. रात्री एकच्या सुमाराला तिची सासू आली. "सिस्टर, हिला दम लागल्यागत होतंय बघा." मी गेले. बीपी घेतलं, १०४ बाय ६०. नाडी ११८. अंग कोमट. ती बोलायची, पण दोन शब्द झाले की थांबायची.

मी चार्ट उघडला. श्वासाच्या रकान्यात वरून खालपर्यंत २०, २०, २०, २०. मीही २० लिहिलं.

हसू नका. तुमच्यातल्या किती जणांनी परवाच्या पोस्टिंगमध्ये श्वास पूर्ण मिनिट मोजून लिहिला? आपण सगळे २० लिहितो. कधी विविधता म्हणून १८. माणूस मरायच्या तासभर आधीसुद्धा आपल्या चार्टवर मिनिटाला वीस श्वास घेत असतो.

मी डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "सर, पेशंट बरोबर वाटत नाहीये." "बीपी किती?" "एकशे चार बाय साठ." "मग ठीक आहे की. सलाइन चालू ठेवा, सकाळी राउंडला बघतो."

पहाटे पाचला ती हाकेला ओ देईना. बीपी लागेना. गाडी बोलावली, मोठ्या दवाखान्यात पाठवली. दोन दिवसांनी ती गेली. सेप्सिस.

मी त्या डॉक्टरांना शिव्या देण्यासाठी हे सांगत नाहीये. दिवसभर ओपीडी करून झोपलेल्या माणसाला मी काय सांगितलं? "बरोबर वाटत नाहीये." यावरून कुणी अंथरुणातून उठत नाही. मी जे सांगायला हवं होतं ते असं: "सर, कॉट अकरा, सिझरचा तिसरा दिवस. श्वास तीसच्या वर आहे. नाडी ११८, वरचं बीपी १०४, म्हणजे नाडी बीपीच्या पुढं गेलीय. पोट दुखतंय, स्रावाला वास आहे, रात्रीपासून लघवी कमी. मला सेप्सिसचा संशय आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर ऑक्सिजन लावते, रक्त काढून ठेवते." हे बोलायला वीस सेकंद लागतात. पण ते बोलता येण्यासाठी मी मोजलेलं असायला हवं होतं. पोटाला हात लावलेला असायला हवा होता. पॅड बघितलेलं असायला हवं होतं. आणि नाडी भागिले वरचं बीपी हा साधा भागाकार मला माहीत असायला हवा होता. बाळंतिणीत हा आकडा ०.९ किंवा जास्त आला की धोका समजायचा. तिचा १.१३ होता. चार्टवर दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात शेजारी शेजारी लिहिलेले होते.

आता एक करा. शेजारणीचं मनगट धरा, नाडी मोजतोय असं दाखवा आणि नजर तिच्या छातीवर ठेवून श्वास मोजा. तिला कळू द्यायचं नाही, कळलं की श्वास बदलतो. फोनवर एक मिनिट लावा.

...झालं? किती? १४. १६. २२, पायऱ्या चढून आलीस वाटतं. १३. बघा, एकाचाही नेमका २० नाही.

तर ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस म्हणजे व्हेंटिलेटरची बटणं, असं तुमच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. ती बटणं मी शिकले, महिन्याभरात येतात. दोन वर्षांत खरं शिकले ते डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, काय वाटतंय ते आकड्यांत मांडणं, आणि माझं मत अमुक आहे असं तोंडानं म्हणणं. तिसरं सगळ्यात अवघड. आपल्याला चार वर्षं "येस सर" शिकवलेलं असतं.

आता मुद्द्याचं. हे सगळं आपल्या बीडमध्ये कशाला पाहिजे?

२०१९ साली आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं, ते कशामुळं ते तुम्हाला माहीत आहे. पिशवी. तुमच्या घरात, गल्लीत, मामाच्या गावाला पिशवी काढलेली बाई नाही असं कुणी इथं आहे का? डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागं एक. देशपातळीवरच्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास येतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, वयोगट वेगळा, हे मान्य. तरी फरक केवढा आहे.

त्यावर बोलताना सगळे मुकादम, उचल, खाडा आणि खाजगी डॉक्टर यांच्यावर बोलले. बोलायलाच पाहिजे होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, पाळीत एक दिवस बसलं की खाडा कापणार, मग बाई म्हणते एकदाची काढून टाका कटकट. नंतर नियम आला की खाजगी दवाखान्यानं पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. चांगलं झालं. पण मी नर्स आहे, मला वेगळा प्रश्न पडतो. ती बाई ऑपरेशन टेबलावर पोचायच्या आधी कुठं कुठं गेली असेल?

ती काय तक्रार घेऊन निघाली होती? अंगावरून पांढरं जातंय. कंबर दुखतेय. ओटीपोटात दुखतंय. पाळी जास्त जातेय. फडातल्या कोपीवर पाणी नाही, संडास नाही, कपडा धुवून सावलीत वाळवायचा, डोक्यावर मोळी. त्यात आपल्याकडं लग्न लवकर. एनएफएचएसच्या पाचव्या फेरीत बीडमध्ये विशी-पंचविशीच्या शंभरातल्या ४३ च्या आसपास मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे विशीत दोन-तीन बाळंतपणं. यात जंतुसंसर्ग नाही होणार तर काय होणार? ती दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. "पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल." कॅन्सर म्हटल्यावर बाई उचल घेऊन ऑपरेशन करते, आणि फेडायला परत फडात जाते.

आता हीच बाई आधी उपकेंद्रात आली असती आणि तिथं नीट शिकलेली नर्स असती तर? दार लावून, पडदा ओढून तिला विचारलं असतं. स्पेक्युलम घालून बघितलं असतं. अंगावरून जाण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमात रंगांची किट आहेत ना, तुम्ही परीक्षेला पाठ केलीत. पांढरं जाण्याला हिरवं, ओटीपोटात दुखण्याला पिवळं. लागेल तिथं नवऱ्यालाही उपचार. हिमोग्लोबिन. आणि कॅन्सरच्या भीतीला उत्तर म्हणून व्हीआयए, गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. डाग दिसला तर पुढं पाठवायचं. नाही दिसला तर तिच्या डोळ्यांत बघून सांगायचं, "ताई, तुमच्या पिशवीच्या तोंडाशी मला काही वावगं दिसलं नाही. हा जंतुसंसर्ग वाटतोय, औषध घ्या, पंधरा दिवसांनी परत या."

हे सांगायला थिएटर लागत नाही, भूलतज्ज्ञ लागत नाही. टॉर्च, स्पेक्युलम आणि स्वतःच्या नजरेवर विश्वास असलेली एक बाई लागते. मी म्हणत नाही की त्यानं सगळ्या १३,८६१ वाचल्या असत्या. काहींना ऑपरेशनची खरंच गरज असणार. पण कित्येक जणींना दुसरं मत म्हणून ऐकायला कुणीच नव्हतं.

खरं सांगा, स्पेक्युलम तपासणी स्वतःच्या हातानं किती जणींनी केलीय? लॉगबुकमधल्या सह्या विचारत नाहीये.

...हं. हेच ते.

आणि ज्यांची पिशवी गेली, त्यांचं काम संपलं असं समजू नका. काहींची अंडाशयंही काढलेली आहेत. तिशी-पस्तिशीतच अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, झोप नाही, मन लागत नाही. त्यांची दरवर्षी तपासणी कोण करणार? मला विचाराल तर बीड जिल्ह्यातल्या ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्सचं पहिलं काम हेच असायला हवं. आयसीयू नंतर. हे मी आयसीयूवाली असून म्हणतेय.

नर्सच्या हातात एवढं कसं द्यायचं, असं कुणी म्हटलं तर पाटोदा-आष्टीची हद्द ओलांडून जामखेडला घेऊन जा त्याला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं. गावातल्याच बायका, कित्येक निरक्षर, त्यांना आरोग्याचं शिक्षण दिलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या बायकांना तान्ह्या बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. पाच-दहा वर्षं शाळेत गेलेल्या बायका. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलंय ते. त्या बायका काय मोजायच्या माहीत आहे? बाळाचा श्वास.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. त्यांनी मनानं औषधं दिली नाहीत. नियम लिहिलेले होते, नोंदी होत्या, देखरेख होती, चूक झाली तर सापडायची सोय होती. अधिकार आणि मोकाट सुटणं यात हा फरक आहे.

आता वाईट बातमी. ती लपवली तर उद्या तुम्ही मला शिव्या द्याल.

मी दोन वर्षं घराबाहेर राहून, कर्ज काढून एनपीसीसी केलं. परत आले तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनी सर्टिफिकेट उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "हे काय असतं? एम.एस्सी. का नाही केलं?" हजेरीपटावर नावापुढं स्टाफ नर्सच आलं. पगारही बरोबरीच्या मुलींएवढाच, वर त्यांची दोन वर्षांची सिनिऑरिटी जास्त. कोर्स आहे, पद नाही. कौन्सिल शिकवायला सांगतं आणि भरतीच्या जाहिरातीत त्या नावाची जागा नसते. औषध स्वतःच्या सहीनं लिहायचा अधिकारही नाही. ठरलेल्या प्रोटोकॉलमध्ये, डॉक्टरांच्या लेखी आदेशावरच काम. २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर'ला मर्यादित परवाना द्यायची तरतूद घातली, त्यावर डॉक्टरांनी देशभर संप केला. २०२३ मध्ये नर्सिंगचाही नवा कायदा झाला, १९४७ चा जुना जाऊन नवा आयोग येणार. पण कायदा झाला म्हणून तुमच्या वॉर्डात उद्या काही बदलत नाही.

मग बदललं काय? मी आता लातूरला आयसीयूत आहे. सकाळी राउंडला ट्रॉली ढकलत मागं चालत नाही, बरोबर उभी असते. एबीजीचा रिपोर्ट आधी मी वाचते. व्हेंटिलेटर कमी कधी करायचा याचा प्रोटोकॉल आहे, तो मी चालवते. रात्री फोन केला की सर विचारतात, "तुला काय वाटतं?" एवढंच. यावर घरभाडं भरता येत नाही, हे मला माहीत आहे. पगारासाठी मी दोनदा अर्ज केलाय, तिसरा लिहून तयार आहे.

आज आपल्या भागात या कामाच्या सगळ्यात जवळचं पद म्हणजे सीएचओ, समुदाय आरोग्य अधिकारी. उपकेंद्रात बसायचं, बीपी-शुगर बघायची, कॅन्सरची प्राथमिक तपासणी करायची, ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलायचं. २०१८ ला आयुष्मान भारतमधून हे आलं. आपल्याकडं त्यात बीएएमएस डॉक्टर येतात तसे बी.एस्सी. नर्सिंगवालेही येतात. कंत्राटी आहे, ठरलेला पगार आणि वर कामावर अवलंबून मोबदला. अर्धा दिवस ऑनलाइन आकडे भरण्यात जातो अशी ओरड आहे आणि ती खोटी नाही. तरी तपासणीचं टेबल तुमचं असतं. ते टेबल तुम्ही कसं वापरता याला फार अर्थ आहे.

कोर्स निवडताना काय बघायचं ते पटकन सांगते. इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि नंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत त्या पात्रतेची नोंद होते का, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारा. 'तीन महिन्यांत घरबसल्या नर्स प्रॅक्टिशनर' अशी जाहिरात दिसली तर पुढं सरका. ज्या दवाखान्यात शिकायचं तिथला आयसीयू स्वतः जाऊन बघा, शिकवायला पूर्णवेळ तज्ज्ञ आहेत का ते बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या बॅचच्या दोन जणींना गाठून विचारा की आज काय काम करता आणि हातात किती पडतात. प्रॉस्पेक्टसमध्ये हे छापत नाहीत.

परदेशवाल्यांसाठी एकच. एनक्लेक्स पास झालात म्हणजे अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स. नर्स प्रॅक्टिशनर व्हायला तिथं पुन्हा मास्टर्स किंवा डॉक्टरेट, पुन्हा परीक्षा. आपलं एनपीसीसी तिथं तसंच्या तसं चालत नाही. इंग्लंडलाही ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिससाठी आधी काही वर्षं काम, मग मास्टर्सच्या दर्जाचं शिक्षण. जर्मनीला आधी भाषा, बाकी सगळं नंतर. जायचं तर जा, मनात अपराधी वाटून घेऊ नका. फक्त एजंटनं दाखवलेला पगार आणि पहिल्या वर्षाचं खरं काम यांची आधी चौकशी करा.

बरं, प्रश्न विचारा आता.

(एका मुलानं विचारलं: मॅडम, माझे मामा मेडिकल चालवतात. ते म्हणतात, चार वर्षं शिकलास, गावात क्लिनिक टाक, कोण विचारतंय.)

मामांना नमस्कार सांग आणि नाही म्हण. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ चा आहे, विनानोंदणी प्रॅक्टिस केली तर गुन्हा. बोगस डॉक्टरच्या यादीत नाव येईल आणि रजिस्ट्रेशनही जाईल. कायद्याचं सोड. सुई टोचून पैसे घेणारे गावात आधीच चार आहेत. तू पाचवा झालास, तर उद्या खऱ्या नर्स प्रॅक्टिशनरला परवाना द्यायची वेळ येईल तेव्हा तुझंच उदाहरण दाखवून नाही म्हणतील. आणि तू ब्रदर आहेस म्हणून लोक तुला आपोआप 'डॉक्टर' म्हणणार. सिस्टरला कुणी म्हणत नाही. म्हणतील तिथंच दुरुस्त कर.

(एका मुलीनं विचारलं: घरी म्हणतात शिक्षण झालं, आता स्थळ बघू. अजून दोन वर्षं कशी मागायची?)

हा प्रश्न मला माहीत होता. माझ्या घरीही झालं होतं. आई-वडील दोघं तोडीला जायचे, त्यांना दोन वर्षं म्हणजे दोन हंगाम. मी "ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस" वगैरे बोललेच नाही. आईला अकरा नंबरच्या कॉटचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या मावशीची पिशवी काढायच्या आधी कुणी बघितलंच नव्हतं." वडिलांशी पुढचं तीच बोलली. प्रत्येक घरात असं होईल असं नाही. ज्यांना दोन वर्षं मिळणार नाहीत त्यांनी आधी नोकरी धरा. एनपीसीसीला अनुभव लागतोच, एनपीएमलाही लागतो. पगार घरात येऊ लागला की बोलण्याचा सूर बदलतो. लग्न ठरवताना मुलाकडच्यांना पुढच्या शिक्षणाचं आधी सांगा, नंतर नको. आणि चार माणसांसमोर सांगा.

(मागून एकीनं विचारलं: पद नसताना शिकून उपयोग काय?)

तुझं बरोबर आहे. मी तुला कर म्हणत नाहीये. कर्ज काढावं लागणार असेल तर आज नको करू, आधी पाच वर्षं नोकरी कर. पण तपासणी शिकायला कर्ज लागत नाही. ते या वर्षी, याच पोस्टिंगमध्ये शिक. माझ्या कॉट अकराला नर्स प्रॅक्टिशनर नको होती, मोजणारी स्टाफ नर्स चालली असती. पद मागायला मुंबईला जाऊ तेव्हा आपल्याकडं दाखवायला काहीतरी लागेल ना? किती बायका तपासल्या, किती पुढं पाठवल्या, किती बऱ्या झाल्या. आत्तापासून वहीत लिहून ठेवा, नाव न लिहिता.

जेवणाची वेळ झाली वाटतं, बाहेरून वास येतोय. मघाशी हात वर केलेल्या चौघी, तुम्ही थांबा. आमच्याकडच्या स्त्रीरोग ओपीडीच्या मॅडमना मी विचारून ठेवलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी दोघी-दोघींनी यायचं. पेशंटची परवानगी घेऊन, मॅडम शेजारी उभ्या असताना, तपासणी तुमच्या हातानं. कॉलेजचं पत्र लागेल, ते तुमच्या मॅडम देतो म्हणाल्यात. सकाळी साडेआठला लातूरला पोचायचं, म्हणजे इथून सातच्या आतली एसटी. ॲप्रन आणा. घड्याळ आणा, सेकंदकाट्याचं.